विहीणबाई, मोरी पाडली नाही

विहीणबाई, तुम्हाला पुढच्या दारानं नेलं. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगतो. तुम्ही सांगून ठेवलेलं माझ्या ध्यानात होतं, वनिताच्या ध्यानात होतं, तरीही तुमची तिरडी स्वयंपाकघरातून, माजघरातून, देवांच्या फळीसमोरून माझ्या पुढच्या उंबऱ्यावर आली आणि तिथून गेली. पुढचा एक खांदा माझा होता. माझं वय बघून लोक मला बाजूला सारत होते. मी सरलो नाही.

त्या दिवसापासून तुमची लेक माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, चहा आणून ठेवते, पण बोलायचं असलं की दिनेशकडे तोंड करते. "त्यांना सांगा, गोळी घ्यायची राहिली." मी तिथंच समोर बसलेला. सून म्हणून या घरात आली तेव्हापासून मला 'मामा' म्हणत होती. आता मी 'त्यांना' झालो. दिनेश बिचारा माझा मुलगा असून टेलिफोनच्या खांबासारखा मध्ये उभा राहतो, इकडचं तिकडं पोचवतो.

उद्या तुमचं दहावं. भावकीतले म्हणाले, विहिणीचं सुतक आपल्याला नसतं, तुम्ही कशाला पाळताय. नसेल. मी दाढी केलेली नाही आणि देवळाची पायरी चढलेलो नाही. ज्याला जास्त कळतं त्यानं आपल्या घरी कळवून घ्यावं.

तुम्ही म्हणाल, भांडण आधी काढलंत, रडायचं राहिलंच. आपलं असंच होतं. पहिल्यांदा भांडलो ते खालापूरला, कचेरीसमोर तुमच्या टपरीत. तुमचे मालक गेल्यावर ती चहाभज्याची टपरी तुम्ही एकटीनं चालवलीत, वनिताचं लग्न त्यातनंच केलंत. पाठीमागं एका भाड्याच्या खोलीत राहत होता. त्या खोलीच्या जागी गाळे काढायचं ठरलं तेव्हा टपरीलाही उठायला सांगितलं. वनिता रोज फोनवर रडायची, "आये, माज्याकडं ये गं." तुमचं एकच, "लेकीच्या सासरी राह्यला मी काय पांगळी हाय?" शेवटी मी स्वतः बसनं आलो. डोक्याला टोपी घालून, व्याही म्हणून, रीतसर.

तुम्ही भज्यांचा घाणा काढलात, माझ्यापुढं बशी ठेवलीत आणि म्हणालात, "व्याहीबुवा, पुढच्या दारानं विहीन येती ती मानाला. तिला लुगडं नेसवायचं, जेवू घालायचं, वाटंला लावायचं. तीच राह्यला आली की मान गेला. मी येईन, पन तुमच्या घरात नाय."

"मग कुटं? झाडावर?"

"तुमच्या घराच्या मागं ती बोळ हाय ना. तिच्यात."

मला इतका राग आला की भजी तशीच ठेवून उठलो. तुम्ही ती कागदात बांधून बसमध्ये माझ्या मांडीवर आणून ठेवलीत.

तुम्हाला ठाऊक होतं मला त्या बोळीची लाज वाटते. हे घर मी माझ्या हातानं बांधलं. जोत्याची दोरी धरली ती वारा कुठून येतो ते बघून. तेव्हा मागं परस होतं, परसापुढं चुलत्याचं शेत, त्यापुढं डोंगर दिसायचा. मग शेत विकलं गेलं, बंगलेवाला आला, त्यानं माणसाच्या डोक्यावर जाईल अशी भिंत घातली. त्याची भिंत सरळ, माझं घर जरा तिरपं. मध्ये जी फट राहिली ती विळ्याच्या पात्यासारखी, एकीकडं रुंद, टोकाकडं निमुळती. रुंद टोकाला एक खाट मावते. निमुळत्या टोकाला माणूस अंग चोरून जातो, आणि तिथंच घराच्या कोपऱ्याला वळसा घालून गल्लीत निघायचं. फुटकी कौलं, मोडकी सायकल, सडलेली लाकडं, घुशी. भिंत झाल्यापासून मी मागचं दार उघडलंच नव्हतं. आणि तुम्ही, माझी विहीण, तिथं राहायचं म्हणत होता.

माझी मंडळी जाऊन वर्षं झालेली. तुम्ही एकट्या. एका छपराखाली राहिलो तर गावाला बोलायला काय लागतं. हे कारण तुम्ही तोंडानं काढलं नाहीत, मीही नाही. पण बोळीचं नाव तुम्ही काढलंत तेव्हा ते आपल्या दोघांच्याही मनात होतं, एवढं आता बोलतो.

तुम्ही आलात तेव्हा टेंपोतून तुमची टपरी आली. आख्खी, सुटी करून. पत्रे, फळ्या, पुढची पाडायची-उचलायची फळी, हिरवट फायबरचा पत्रा, आणि डब्यात वाकडे खिळे. गल्लीत टेंपो लागला, मी पुढच्या दारात उभा, हातात तांब्या घेऊन वनिता पाय धुवायला उभी. तुम्ही माझ्याकडं बघून हात जोडलेत आणि घराच्या कडेनं मागं गेलात. वनिता तांब्या घेऊन तुमच्यामागं धावली. कोपऱ्यावर पाय धुतले तुमचे, त्या घाणीत.

"येक खिळा जरी इकत आनलात," तुम्ही मला बजावलंत, "तर मी परत खालापूरला जाईन."

"तितं आता जागा हाय कुटं?"

"येष्टीच्या ठेशनात बसंन."

मग तुम्ही दगडावर बसून खिळे सरळ करायला लागलात. ठक, ठक. पहिल्या दिवशी मी पुढच्या पडवीत बसून तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशीही ऐकला. मग मला राहवेना. बाईमाणूस हातोडी चुकीची धरतंय हे आवाजावरून कळतं. मी मागचं दार उघडलं. किती वर्षांनी ते करकरलं.

"सरका," मी म्हटलं.

"तुमी सरका. उजेड अडला."

अशी सुरुवात झाली. तुम्ही टपरीत जन्म काढलेला, तुम्हाला बोळ म्हणजे बंगला. जमिनीवर काही ठेवायचं नाही, सगळं भिंतीला, हे तुम्ही शिकवलंत. मी म्हणायचो कपाट करू, तुम्ही म्हणायचात कपाटाला पोट असतं, ते वाटेत येतं. पातेली खुंटीला, पिशव्या खुंटीला, सुपली खुंटीला, छत्री खुंटीला. टपरीची फळी घराच्या भिंतीला बिजागरीनं बसवली. चहाच्या वेळी खाली, झाला की वर. पत्रा फक्त खाटेवर घातला. मला सगळी बोळ झाकायची होती, पावसाचा एक थेंब आत नको होता. तुम्ही नाही म्हणालात. "वर बगायला कायतरी ठेवा की. म्हातारपनी मान वर करायला सांगत्यात ना डाक्तर?" मी पत्र्याचा उतार आपल्या बाजूला दिला, पागोळी बंगलेवाल्याच्या भिंतीत पडू नये म्हणून. तेवढं तुम्ही मान्य केलंत. "व्याहीबुवांना दुसऱ्याच्या भिंतीची लई काळजी."

त्या भिंतीला तुम्ही चुना लावलात तेव्हा मात्र मला घाम फुटला. बंगलेवाल्याची भिंत, आणि तुम्ही बादली घेऊन त्याला न विचारता पांढरी करत चाललात. वरून त्याचा वॉचमन डोकावला.

"ओ मावशी, वो शेठका दीवार है!"

"शेठको बोल, दीवारका तोंड उसका, पाठ हमारा. आमी पाठ धुतो फकस्त."

तो हसला आणि गेला. शेठ कधी आलाच नाही विचारायला. शेठ वर्षातून दोनदा येतो.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोललो नाही. मी हे घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराला मागच्या दाराशिवाय उजेडाची जागा ठेवली नव्हती, आणि ती भिंत आल्यावर दारही बंद झालं. माझी मंडळी तिथं दिवसा दिवा लावून भाकरी थापायची. वनिताही तशीच थापत आली. तुमच्या चुन्यानं ऊन भिंतीवर पडून दारातून आत आलं. वनितानं पहिल्यांदा तव्याचा तळ बघितला आणि म्हणाली, "मामा, किती काळा हाय ओ!" दिवसाचा दिवा बंद झाला. माझ्या घरात उजेड तुम्ही आणलात हे बोलायला माझी जीभ कधी वळली नाही. तुम्ही गेल्यावर वळतेय, तिचा काय उपयोग.

मग मोरी. सगळं बिनसलं ते मोरीपाशी. आता बिनसलं असं म्हणतो, तेव्हा ती आपल्या दोघांचीही शान होती.

मी म्हटलं, "मोरी रुंद टोकाला करू. जागा हाय."

"जागा हाय, उतार कुटं हाय? पानी काय तुमचा हुकूम ऐकून चढावर जाईल?"

"पाइप टाकू."

"पाइप झाडाला लागत्यात का?"

आणि तुम्ही रुंद टोकाला एक तांब्या ओतलात. आपण दोघं बघत उभे. पाणी भिंतीच्या कडेकडेनं थांबत थांबत निघालं, म्हाताऱ्या माणसासारखं, आणि शेवटी त्या निमुळत्या कोपऱ्याशी जाऊन गल्लीच्या गटारात उतरलं.

"बगा. त्यानं जागा दावली."

"मग वाट अडंल."

तुम्ही वनिताकडून हंडा आणवलात, भरलात, कमरेवर घेतलात, आणि मोरीची जागा सोडून त्या कोपऱ्यातून वळून गल्लीत जाऊन परत आलात. पाणी हिंदकळलं नाही. "बाई कमरेवर हंडा घेऊन गेली की वाट झाली. आमच्याकडं असंच मापत्यात. अजून काय हत्ती न्यायचाय तुमाला?"

हत्ती न्यायचा नव्हता, विहीणबाई. तिरडी न्यायची होती. ते माप ना तुम्ही घेतलंत ना मी. उभ्यानं, वाकून, बसून, झोपून, माणसाला लागणारी सगळी मापं आपण घेतली. आडवं माणूस चौघांच्या खांद्यावर कसं वळेल ते दोघांनाही सुचलं नाही. आणि आपण काही कोवळे नव्हतो.

फार्महाऊसची कामं चालतात तिथं फरशीचे तुकडे टाकून देतात. मी सायकलच्या हँडलला पिशवी लावून ते गोळा करायला जायचो. मी, ज्यानं आयुष्यात कुणाचं टाकलेलं उचललं नाही. सिमेंट तेवढं मी विकत आणलं आणि सांगितलं, काशिनाथकडचं उरलेलं आहे. तुम्ही गोणीकडं बघितलंत. "काशिनाथभावजींच्या घरात शेनानं सारवत्यात. त्यांच्याकडं शिमिट उरलं व्हय?" पण खालापूरला गेला नाहीत. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडून घेतलीत.

मोरीची भिंत मी बांधली, कमरेच्या वर, अर्ध्या विटेची. आतली फरशी तुम्ही लावलीत. बैठक मारून, एकेक तुकडा फिरवून, कुठला कुठं बसतो ते बघत. पांढरा, गुलाबी, शिंपल्यासारखा, एक काळा चकचकीत. काळा मधोमध बसवलात, घागर ठेवायला. गावातल्या बायका बघायला आल्या. शेठलोकांच्या बंगल्यांत कामाला जाणाऱ्या बायका, मोऱ्या काय कमी बघितलेल्या? पण बघत उभ्या राहिल्या. मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं तुम्ही अळू लावलंत, आणि भिंतीला दोरी बांधून घोसाळी चढवलीत. बंगल्याच्या बाजूला जी घोसाळी लोंबायची ती वॉचमन खायचा.

तुम्ही पहिली आंघोळ केलीत त्या दिवशीचं मी स्वयंपाकघरात बसून ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं, घर केवढं. तुम्ही वनिताला सांगत होता, "पोरी, खालापूरला उजाडायच्या आत दोन तांबे वतून घ्यायचे, पत्र्याच्या आड, लुगड्यावरनंच. कोन येतंय, कोन बघतंय. आज उन्हात बसून न्हाले गं. पाठीला ऊन लागलं."

ते वाक्य मी डोक्यात ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

गाव बोललं, बोलणारच. काशिनाथ माझा चुलतभाऊ, पण तोंडाला झाकण नाही. पडवीत येऊन म्हणाला, "दादा, विहिनीला बोळीत ठिवली म्हनं, शेळीवानी?" मी काठी शोधत होतो, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "भावजी, शेळी हाय तर पाला आना की वाईच! रिकामे हात हालवत काय येताय?" काशिनाथ खरंच दुसऱ्या दिवशी फणसाचा डहाळा घेऊन आला आणि चहा पिऊन गेला. मग रोज यायला लागला. मीही यायचो. माझ्याच घराच्या मागं मी पाहुणा. तुमच्या गोणपाटाच्या पडद्याशी उभा राहून खाकरायचो, तुम्ही आतून "या" म्हणायचात, मग मी आत. "बसा, घर तुमचंच हाय," हे दर वेळी ऐकवायचात, आणि त्यात काटा असायचा. स्टूल एकच होतं. तुम्ही खाटेवर, मी स्टुलावर, काशिनाथ मोरीच्या कट्ट्यावर. फळी खाली, तीन पेले.

तिथंच ते भांडण लागायचं. दाराचं.

"मी आले मागनं, जाईन मागनं," तुम्ही म्हणायचात. "माजा भार तुमच्या उंबऱ्यावर नको."

"माजी विहीन मागल्या दारानं जाईल? मग मी गावात तोंड दावू का नको?"

"तुमचं तोंड मी मेल्यावर बघायला कोन येतंय?"

"आमची मंडळी पुढल्या दारानं गेली. या घरातलं मानूस पुढनंच जातं."

"मी या घरातली नाय. हेच तर सांगते."

काशिनाथ पेला ठेवून पळायचा. वनिता आतून ओरडायची, "बाई गं, काय बोलताय संध्याकाळचं!" आपण पेले उचलायचो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी बोलता बोलता तिथंच येऊन पोचायचो. कुणीच हरलं नाही. मला वाटायचं अजून वेळ आहे, मी तुम्हाला वळवीन. तुम्हालाही तसंच वाटत असणार.

ताप आला तेव्हा शेतात भात पोटरीत आलेलं. चौक गावच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं छातीत कफ आहे म्हणून गोळ्या दिल्या, वाढलं तर पनवेलला न्या म्हणाला. मी पडद्याशी येऊन म्हटलं, "आता आत या. बोळीत गारठा हाय. मी सांगतोय."

"तुमी सांगनार आनि मी ऐकनार? येवढी का मी आजारी हाय?"

तुम्ही हसलात, आणि हसता हसता खोकला लागला तो थांबेना. वनितानं मला हातानंच जायला सांगितलं. पनवेलची गाडी सकाळी बोलवू असं दिनेशनं ठरवलं. सकाळी मी लवकर उठलो, तुमच्या पडद्याशी आलो, नेहमीसारखा खाकरलो. तुम्ही "या" म्हटलं नाहीत. मी परत खाकरलो. मग आतून वनिताचं रडणं ऐकू आलं. मी पडदा धरून तिथंच उभा राहिलो, विहीणबाई. आत कसं जायचं ते मला कळेना.

तिरडी पुढं अंगणात बांधली. वनितानं सगळ्यांसमोर सांगितलं, आईचा शब्द आहे, मागून न्यायची. मी बाजूला झालो. दिनेशनं मडकं धरलं, काशिनाथ आणि तिघं रिकामी तिरडी घेऊन गल्लीतून फिरून कोपऱ्यावर आले. वळेना. तिरपी केली, वळेना. एका टोकाला मोरीची भिंत, दुसऱ्या टोकाला घराचा कोपरा. कुणी म्हणालं मागं न्या, पुढून घाला. ते करून झालं. कुणी म्हणालं बांधून उभी करून नेऊ. वनिता किंचाळली. कुणी म्हणालं, भिंतीवरून बंगल्यात उतरवू, पलीकडून रस्ता मोठा आहे. त्याला मीच गप्प केला. मग काशिनाथ घण घेऊन आला.

"अर्ध्या विटेची हाय, दादा. दोन घाव. पुन्ना बांधू."

तुमची मोरी, विहीणबाई. आत फरशीवर अजून ओल होती. वनितानं तुम्हाला शेवटची आंघोळ तिथंच घातली होती. तो काळा तुकडा, त्यावर घागर. काशिनाथनं घण उचलला आणि मी मध्ये उभा राहिलो.

"मोरीला हात लावायचा नाय."

"मामा, पाडू द्या," वनिता म्हणाली. "आईचा शब्द हाय."

"मोरी बी आईचीच हाय."

"शब्द मोठा का मोरी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. गल्लीत बायका उभ्या, भिंतीवरून वॉचमन. मी म्हटलं, "आतनं न्या." दिनेशनं वनिताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं.

लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं मेलेल्या बाईपुढंही आपलंच खरं केलं. पुढच्या दारानं नेईन म्हणत होता, नेलीच. वनिताही तेच धरून बसली आहे. मी तुमच्या उन्हातल्या आंघोळीसाठी मोरी वाचवली, का माझ्या उंबऱ्यासाठी? रोज बसून विचार करतो. एका बाजूनं बघितलं तर हे, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ते. तुम्ही असतात तर एका वाक्यात निकाल लावला असतात, आणि तो माझ्या विरुद्ध असता, तरी चाललं असतं. पण मी मोरी पाडू दिली असती आणि तुम्ही मागून गेला असतात, तर आज त्या विटांच्या ढिगाकडं बघून वनिता कुणाशी बोलली नसती? मला वाटतं तेव्हाही माझ्याशीच.

दिनेश परवा म्हणाला, तेरावं झालं की मागचं काढून टाकू, गाडी लावायला जागा होईल. चांगल्या मनानं म्हणाला, पोरगा वाईट नाही. वनिता तिथं होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उठून गेली. तेव्हापासून मीही त्याला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती परत म्हणेल, त्यांनी ठरवलं.

आज संध्याकाळी मी तुमच्या स्टुलावर बसलो होतो. समोर तुमच्या कोनाड्यात, पांढऱ्या फडक्यात, जीवखडा. ज्यानं स्मशानात मडकं फोडलं तो खडा. दहाव्यापर्यंत तोच माणूस, असं आपल्यात धरतात. उद्या तो पाताळगंगेवर न्यायचा आणि सोडायचा. तोवर तुम्ही इथंच आहात, म्हणून मी खाकरून आत आलो होतो. दिव्याची वात सरकवली.

वनिता दारात आली. दिनेश घरात नव्हता, मधला माणूस नव्हता. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, तुमच्या चुन्याच्या भिंतीकडं.

"उद्या खडा कुटनं न्यायचा?"

'पुढनं' हा शब्द माझ्या तोंडात तयारच होता. तयारच असतो. मी तो गिळला.

"तुजी आई हाय," मी म्हटलं. "तू सांग."

बाहेर मोरीच्या तोंडाशी अळूवर पाणी टपकत होतं.

"मागनं," ती म्हणाली. "आनि तुमी न्यायचा. तुमीच मोरी राखलीत ना? मग तुमीच तिला मोरीच्या कडंनं घेऊन जायचं. गल्लीत यांच्या हातात द्या."

"बरं."

"तितं शेवाळ हाय."

"असू दे."

ती आत गेली, मला वाटलं झालं. परत आली ती हातात काथ्या आणि राखेचा डबा घेऊन. लुगडं खोचून मोरीच्या कडेला बसली आणि कोपरा घासायला लागली. तुम्ही आजारी पडल्यापासून तो कोणी घासला नव्हता. मी म्हटलं, मी घासू का. म्हणाली, "गुडगे मोडून घ्यायचेत का?" तेवढंच. मामा म्हणाली नाही. मी स्टुलावरून उठलो नाही, तीही जा म्हणाली नाही.

तर विहीणबाई, सकाळी लवकर निघू, ऊन व्हायच्या आत. मी तुम्हाला मुठीत घट्ट धरीन. कोपऱ्यावर तुम्ही मला सांभाळा.